भट्टीनंतर दुसरी भट्टी नाही: शेंगा चटणीच्या कारखान्यात नव्याने लागणाऱ्यांसाठी

सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी आता पाकिटबंद होऊन पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसते. ती पाकिटं भरायला माणसं लागतात. जाहिरातीत ‘प्रोडक्शन ऑपरेटर’, ‘पॅकिंग हेल्पर’, ‘मशीन हेल्पर’ असं काहीही लिहिलेलं असो, पहिले दोन-तीन महिने काम साधारण सारखंच असतं: माल निवडायचा, वजन करायचं, मशीनला माल द्यायचा, पाकिटं तपासायची, साफसफाई करायची आणि हे सगळं वहीत लिहायचं. चिंचोळी एमआयडीसीतला मोठा प्लँट असो की शहरातल्या पेठेतलं दहा माणसांचं युनिट, खाली दिलेली बहुतेक कामं दोन्हीकडे तीच. मोठ्या ठिकाणी मशीन जास्त आणि कागद जास्त, एवढाच फरक.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. चटणीत शेंगदाणा एकदाच भाजला जातो. त्यानंतर तो कांडला जातो, त्यात तिखट, मीठ, लसूण, जिरं पडतं, पाकिटात जातो आणि गिऱ्हाईक तो तसाच भाकरीबरोबर खातं. म्हणजे भट्टीच्या पुढे जी घाण, जो जंतू, जो खिळा मालात जाईल तो थेट ताटात जातो. भाजी कारखान्यात चुकली तर घरी शिजताना तरी सुधारते. चटणीला ती सोय नाही. कारखान्यातले निम्मे नियम याच कारणाने आहेत आणि कारण कळलं की ते जाचक वाटत नाहीत.

कामावर जाण्याआधी

आधार, पॅन, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि आधीच्या नोकरीचा पीएफचा यूएएन नंबर असेल तर तो, एवढं बरोबर ठेवा. यूएएन एकच राहायला हवा. नवीन ठिकाणी ‘माझा नाही’ म्हणून दुसरा काढला की पुढे पीएफ काढताना दोन खाती जुळवत बसावं लागतं.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे. डोळे, त्वचा आणि संसर्गजन्य आजार बघून डॉक्टर ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र देतात. टायफॉइडसारख्या आजारांची लसही नोंदीत लागते. बहुतेक कारखाने हे स्वतः करून घेतात. ठेकेदारामार्फत लागला असाल तर खर्च कोण करणार ते आधीच विचारा, नाहीतर पहिल्या पगारातून तो कापला जातो आणि मग वाद होतो.

जाण्या-येण्याचाही हिशोब आधीच करा. चिंचोळी पुणे रस्त्यावर आहे, शहरातून रोजची ये-जा करावी लागते. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, त्या वेळी परतीची गाडी कंपनीची आहे की आपली, हे मुलाखतीतच विचारायचं. महिलांनी तर नक्कीच.

गेटपासून आतल्या दारापर्यंत

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त बोलणी इथेच खावी लागतात. कारण बाहेर ज्या गोष्टींकडे कुणाचं लक्षही जात नाही त्या इथे चालत नाहीत.

काचेच्या बांगड्या, अंगठी, कानातलं, घड्याळ, मनगटावरचा गंडा-दोरा, गजरा, खोटी नखं, नेलपॉलिश: सगळं लॉकरमध्ये. चिकटवायची टिकली हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. घाम आला की ती गळते, लाल असते आणि चटणीही लाल असते. मालात पडलेली टिकली डोळ्याला दिसत नाही आणि मेटल डिटेक्टरला तर मुळीच कळत नाही. मंगळसूत्राबाबत प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. काही ठिकाणी साधं, कपड्याच्या आत झाकलेलं चालतं, काही ठिकाणी नाही. पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंना स्पष्ट विचारून घ्या.

मावा, तंबाखू, मिश्री, सुपारी आत नेणं म्हणजे बहुतेक कारखान्यांत थेट घरचा रस्ता. खिशात पुडी राहिली तरी तेच. ॲप्रनला वरच्या बाजूला खिसा नसतो तो याचसाठी: वाकलं की खिशातलं पेन, मोबाइल, पुडी सरळ मालात पडते.

कपडे चढवायचा क्रम ठरलेला आहे. आधी केसांची टोपी, सगळे केस आणि दोन्ही कान आत; दाढी असेल तर दाढीचं कव्हर; मग तोंडाचा मास्क; मग ॲप्रन; मग कारखान्याचे बूट; शेवटी हात धुणं आणि हातमोजे. टोपी ॲप्रनच्या आधी, कारण टोपी घालताना गळलेले केस खांद्यावर पडतात आणि ते ॲप्रनच्या आत राहायला हवेत. उलटं केलं की ॲप्रनवर केस घेऊनच आत जाल.

हात साबणाने किमान २० सेकंद. बोटांच्या मधली जागा, अंगठा आणि नखांची टोकं हमखास राहतात. पुसायला कागद किंवा गरम हवा. ॲप्रनला पुसलेला हात पुन्हा धुवायचा. हात पूर्ण कोरडा झाल्यावर सॅनिटायझर, ओल्या हातावर नाही, कारण पाण्याने तो पातळ होतो. हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ झाले असं नाही. मोज्याने नाक पुसलं, मोबाइल धरला, जमिनीवरचा क्रेट उचलला, तर मोजे बदलायचे.

जुलाब, उलटी, कावीळ, हाताला पिकलेली जखम असेल तर आत जायच्या आधी सांगायचं. जुलाब-उलटी थांबल्यावरही ४८ तास मालाला हात न लावणं हा चांगला संकेत आहे. खाडा पडेल म्हणून लोक लपवतात. चांगल्या कारखान्यात अशा माणसाला दोन दिवस खोकी भरायला किंवा गोदामात पाठवतात, म्हणून आधी सांगून बघा. हात कापला तर निळी पट्टी मिळते. निळी यासाठी की कुठल्याही अन्नात तो रंग लगेच दिसतो. चांगल्या प्रतीच्या पट्टीत धातूचा पातळ थर असतो, म्हणजे डिटेक्टरही पकडतो.

कच्ची बाजू: दाणे निवडणं

नव्या माणसाला बहुधा इथेच बसवतात. पोती फरशीवर नसावीत, पॅलेटवर असावीत आणि भिंतीपासून माणूस जाऊन झाडू मारू शकेल एवढी लांब, साधारण दीड फूट. जुनं पोतं आधी वापरायचं. पन्नास किलोचं पोतं एकट्याने पाठीवर मारायची सवय हमालीत ठीक, इथे ट्रॉली नाहीतर दोन माणसं. कंबर एकदा गेली की पुढच्या सगळ्या पाळ्या त्याच कमरेवर काढायच्या असतात.

निवडताना काय काढायचं? खडा, माती, काडी, सुतळीचा धागा, पत्रा हे उघडच आहे; डीस्टोनर (खडे वेगळे करणारं मशीन) आणि चुंबक त्यातलं बरंच काढतात. डोळ्याने काढायचा माल वेगळाच असतो: सुरकुतलेला, काळपट पडलेला, किडका आणि हिरवट-पिवळसर बुरशी आलेला दाणा. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. जंतू भट्टीत मरतात, हे विष बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणून निवडणीचं टेबल हेच त्याला अडवायचं मुख्य ठिकाण. एखाद्या पोत्याला कुबट वास आला, आत दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर वरचे चांगले दाणे निवडत बसू नका. पोतं तसंच बाजूला ठेवा, लॉट नंबर (एकत्र आलेल्या मालाचा नंबर) लिहा आणि क्वालिटीवाल्यांना बोलवा. ओलावा मोजायचं छोटं मशीन असतं; दाण्यात सात-आठ टक्क्यांच्या वर ओलावा दिसला तर तो लॉट गोदामात टिकणार नाही.

निवडणीचं टेबल कंटाळवाणं आहे. अर्धा-पाऊण तासाने डोळे थकतात आणि समोरून खराब दाणा जातो तरी दिसत नाही, म्हणून माणसं आलटून-पालटून बसवली पाहिजेत. सुपरवायझर विसरला तर आठवण करून द्या.

भट्टी

ड्रम रोस्टरमध्ये (दाणे भाजायच्या फिरत्या ड्रममध्ये) गरम हवा साधारण १५० ते १६० अंशांवर आणि वेळ ३० ते ४० मिनिटं, हा ढोबळ हिशोब. दाण्याचा आकार, ओलावा, बॅच किती किलोची यावर तो बदलतो, त्यामुळे आपल्या कारखान्याचा तक्ता भट्टीजवळ लावलेला असेल तोच खरा. ओलावा या भट्टीत दीड-दोन टक्क्यांपर्यंत उतरतो.

पेटवण्याचा क्रम:

१. ड्रममध्ये आणि सालीच्या पेटीत जुना माल नाही ना ते बघा.
२. ड्रम फिरवायला सुरुवात करा. बंद ड्रमखाली बर्नर कधीच पेटवायचा नाही. एकाच जागी पत्रा तापून वाकतो.
३. ब्लोअर दोन-तीन मिनिटं चालवा. आत साचलेला गॅस बाहेर जाऊ द्या.
४. मग बर्नर. पेटला नाही तर गॅस बंद करून पुन्हा ब्लोअर, मग दुसरा प्रयत्न. लागोपाठ बटण दाबत बसलात तर साचलेला गॅस भडकतो.
५. ड्रम ठरलेल्या तापमानाला आला की माल टाका आणि वेळ लिहा.

शेवटच्या दहा मिनिटांत नमुना काढायच्या पळीने दर दोन-तीन मिनिटांनी दाणे काढा, दोन बोटांत चोळा आणि दाणा मधून फोडा. साल सहज सुटली पाहिजे आणि आतला रंग काठापासून मध्यापर्यंत एकसारखा फिकट बदामी दिसला पाहिजे. बाहेरून तांबूस आणि मध्ये पांढरा असेल तर आच जास्त आणि वेळ कमी झाली आहे. असा दाणा घाईची खूण आहे: उत्पादन मागे पडलं म्हणून कुणीतरी तापमान वाढवलेलं असतं. त्याने दोन नुकसानं होतात. आतपर्यंत उष्णता न पोचल्याने जंतू मेल्याची खात्री राहत नाही, आणि कच्चा दाणा कांडताना तेल सोडत नाही, त्यामुळे चटणी भुकटीसारखी कोरडी होते. सोलापुरी चटणीची ओळखच मुळी तिला सुटलेल्या तेलात आहे. जास्त भाजला तर कडू लागतो, शिवाय खवटही लवकर होतो.

माल बाहेर काढल्यावर काम संपत नाही. दाणा स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहतो, म्हणून तो लगेच थंड करायच्या ताटात पसरून पंखा लावायचा. पुस्तकी नियम सांगतो की ४० अंशांखाली आल्यावरच पुढे न्या. मे महिन्यात सोलापुरात बाहेरच ४२-४३ असतं, मग ४० कुठून आणणार? अशा दिवसांत व्यवहारी माप म्हणजे त्या खोलीच्या तापमानापेक्षा पाच अंशांहून जास्त गरम नको; खोली थंड ठेवणं हे कारखान्याचं काम. गरम दाणा कांडला तर लगेच लोणी व्हायला लागतं आणि गरम चटणी पाकिटात भरली तर आत वाफ धरते.

भट्टीवरचा खरा धोका म्हणजे साल. दाण्याची लाल साल कागदासारखी हलकी, कोरडी आणि तेलकट असते. ती नळीत आणि सालीच्या पेटीत साचते आणि एका ठिणगीने पेटते. प्रत्येक पाळीत पेटी रिकामी करा, नुसतं ‘अर्धीच भरली आहे’ म्हणून पुढच्या पाळीवर ढकलू नका. आग लागलीच तर आधी बर्नर आणि ब्लोअर बंद. ब्लोअर चालू राहिला तर तो आगीला हवा देतो.

उन्हाळ्यात भट्टीवर काम करताना तहान लागायची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मधूनमधून ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी, तेही भट्टीच्या खोलीबाहेर ठरलेल्या जागीच. घाम येणं थांबून डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, तर ताबडतोब सोबत्याला सांगून बाहेर पडा. ही बॅच जळाली तरी चालेल.

रेघ ओलांडताना

बहुतेक कारखान्यांत फरशीवर पिवळी किंवा लाल रेघ असते. अलीकडे कच्चा दाणा, पलीकडे भाजलेला. कच्च्या बाजूचा क्रेट, फावडं, झाडू, घमेलं पलीकडे न्यायचं नाही. म्हणून दोन्हीकडची भांडी वेगळ्या रंगाची असतात. माणूस तिकडे जाणार असेल तर ॲप्रन बदलून, बूट बदलून, हात धुऊन. ‘दोनच मिनिटं जाऊन येतो’ म्हणून कच्च्या मालाला लावलेल्या हाताने पलीकडे गेलात की भट्टीने केलेलं काम वाया गेलं.

लसूण, तिखट, जिरं, मीठ भट्टीतून जातच नाहीत. म्हणून ते पलीकडे आणायचे तर कंपनीने मान्य केलेल्या पुरवठादाराकडचे, तपासणीची चिठ्ठी लागलेले आणि बाहेरचं पोतं काढून आतल्या पिशवीसकट. लसूण ओला असेल तर चटणीत गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. काही जण सोललेला लसूण वाळवून घालतात, काही जण सरळ सुकवलेला दाणेदार लसूण वापरतात. कुठलाही असो, हाताला ओला लागला तर बॅचमध्ये जाऊ देऊ नका.

वजन आणि कांडप

पन्नास किलो दाण्याला साधारण सव्वा ते दीड किलो मीठ लागतं. तिखट आणि लसणाचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं आणि ते सांगितलं जात नाही, विचारूही नका. शंभर किलोच्या मोठ्या काट्यावर मीठ-जिरं मोजू नका. त्या काट्याला ५० ग्रॅमचा फरक कळतच नाही आणि जिऱ्यात ५० ग्रॅम म्हणजे चव बदलते. थोड्या मापाचे पदार्थ लहान काट्यावर. पाळी सुरू होताना दोन्ही काटे प्रमाणित वजनाने तपासायचे आणि आकडा लिहायचा.

मीठ, तिखट, जिरं आधी एकत्र कालवून मग दाण्यावर पसरून टाका. एका जागी ओतलं तर एका पाकिटात खारट आणि दुसऱ्यात अळणी चटणी जाते आणि तक्रार आली की कारण कुणाला सापडत नाही. प्रत्येक पदार्थ टाकल्याबरोबर बॅच शीटवर त्याचा लॉट नंबर लिहायचा. चार पदार्थ टाकून मग एकदम लिहू म्हटलं की मीठ दोनदा पडतं नाहीतर पडतच नाही.

कांडप मशीनमध्ये मुसळं वर-खाली आदळतात. चालू मशीनमध्ये हात, पळी, लाकडी दांडा काहीही घालायचं नाही. माल कडेला चिकटला की मोह होतो आणि बोटं जातात ती याच वेळी. मशीन बंद, मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, मग हात. किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन आत हात घालायचा नाही, मग तो कितीही विश्वासाचा असो.

पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मुसळाची टोकं, नट-बोल्ट आणि चाळणी बघा. बोल्ट मोजा. चाळणीची एक तार तुटलेली दिसली तर तो तुकडा कुठे गेला हे सापडेपर्यंत माल पुढे जाऊ नये.

किती वेळ कांडायचं? मूठभर चटणी हातात दाबली तर गोळा व्हावा, बोटांना तेल लागावं, पण ठिबकू नये. जास्त कांडली तर गरम होऊन तेल वेगळं सुटतं आणि तेच तेल पुढे पाकिटाच्या सीलवर येऊन त्रास देतं.

भरणं आणि सील

पॅकिंगला लागलात तर दिवसातून सगळ्यात जास्त वेळा वजनच बघाल. २०० ग्रॅमच्या पाकिटाला कायद्याने ९ ग्रॅमपर्यंत कमी चालतं, म्हणजे एखादं पाकीट १९१ भरलं तर गुन्हा नाही. पण सगळ्या पाकिटांची सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये. त्यामुळे १९१ हे लक्ष्य नाही. दर अर्ध्या तासाने पाच पाकिटं काढायची, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायचं, सरासरी काढायची. जास्त भरणंही परवडत नाही: दर पाकिटात ३ ग्रॅम जास्त गेले तर १०,००० पाकिटांत ३० किलो चटणी फुकट गेली. वजन हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल तर मशीन बिघडलं असेलच असं नाही, आधी हॉपरमधली (मशीनवरच्या माल ओतायच्या भांड्यातली) पातळी बघा. माल कमी झाला की दाब कमी होऊन वजन उतरतं. तेलकट चटणी हॉपरच्या कडेला चिकटून मध्ये पोकळी झाली तरी तेच होतं.

सीलचं गणित तीन गोष्टींचं: उष्णता, दाब आणि वेग. फिल्म (पाकिटाचा रोलवरचा प्लास्टिक कागद) बदलली की तिन्ही बदलतात, म्हणून कालचा आकडा आजच्या रोलला लागू पडेलच असं नाही. सील दाबल्यावर पापुद्र्यासारखं सुटलं तर उष्णता कमी आहे नाहीतर वेग जास्त. कडेला सुरकुतून तपकिरी पडलं तर उष्णता जास्त. आणि तापमान बरोबर असूनही दर आठ-दहा पाकिटांत एक सुटत असेल, तर नव्वद टक्के वेळा सीलच्या जागी चटणीची भुकटी किंवा तेल आलेलं असतं. अशा वेळी तापमान वाढवणं ही नेहमीची चूक. भरणाऱ्या नळीचं तोंड पुसा, पाकीट थोडं खाली बसवा, भरताना उडणारी भुकटी कमी करा. सील आपोआप जमतं.

तपासायचं असं: पाकीट मिनिटभर थंड होऊ द्या, कारण गरम सील पक्कं वाटतं पण नसतं. मग दोन्ही बाजूंनी ओढा. नंतर पाण्याच्या टबात बुडवून दाबा, बुडबुडा आला तर गळतंय. हा टब पॅकिंगच्या खोलीबाहेर ठेवायचा आणि तपासलेली पाकिटं परत लाइनवर आणायची नाहीत.

तारीख-कोडिंगकडे विशेष लक्ष. रोल लावल्यावर छापून आलेलं पहिलं पाकीट घ्या, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, एमआरपी हे सगळं आजच्या कागदाशी अक्षर-अक्षर ताडून बघा आणि ते पाकीट वहीत चिकटवा. रात्रपाळीत बारा वाजता तारीख बदलायची की पाळी संपेपर्यंत तीच ठेवायची, हे प्रत्येक कारखान्याचं ठरलेलं असतं. ते विचारल्याशिवाय प्रिंटरला हात लावू नका. छापील मजकुरात ‘शेंगदाणे आहेत’ ही ॲलर्जीची सूचना असते. कारखान्यात जवसाची किंवा कारळ्याची चटणीही होत असेल तर चुकून दुसऱ्या चटणीचा रोल चढला तर ती सूचनाच चुकते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ती जिवावर बेतू शकते. रोल बदलताना जुना रोल मशीनजवळ ठेवू नये तो याचसाठी.

मेटल डिटेक्टर दर तासाला, पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी आणि माल बदलताना तपासायचा. तीन चाचणी-तुकडे असतात: लोखंडाचा, पितळेसारख्या धातूचा आणि स्टीलचा. स्टीलचा सर्वांत मोठा असतो, कारण स्टील पकडणं डिटेक्टरला सर्वांत अवघड. तुकडा मालाच्या पाकिटाबरोबर मधोमध पाठवा आणि मशीन ते पाकीट बाहेर फेकतं की नाही तेही बघा. नुसता दिवा लागणं पुरेसं नाही. एकही तुकडा सुटला तर लाइन बंद, आणि मागच्या बरोबर आलेल्या चाचणीपासून आत्तापर्यंत गेलेली सगळी पाकिटं ‘होल्ड’, म्हणजे निर्णय होईपर्यंत बाजूला. तासाभराचा माल अडकेल म्हणून तुकडा पुन्हा-पुन्हा पाठवून एकदा पकडला की ‘ओके’ लिहिणारे असतात. त्यांच्या सहीखाली आपली सही करू नका. ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात ही तपासणी चालत नाही, तिथे डिटेक्टर भरण्याच्या आधी, माल खाली पडतो त्या नळीवर असतो.

कडक भाकरीच्या लाइनवर कष्ट वेगळे: भाकरी ओलसर हवेत तासाभरात मऊ पडते, म्हणून तव्यावरून उतरून पूर्ण वाळली आणि गार झाली की लगेच पाकिटात. पावसाळ्यात दार उघडं ठेवू नका. तुकडे वेगळ्या डब्यात, फरशीवर पडलेलं मात्र कचऱ्यात.

साफसफाई: पाणी लांब ठेवा

घरी स्वच्छता म्हणजे पाणी ओतणं. नवा माणूस इथेही नळी घेऊन उभा राहतो आणि सगळे ओरडतात. कारण असं: साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या, तेलकट पदार्थात महिनोन्महिने जिवंत राहतात, पण वाढत नाहीत. त्यांना वाढायला पाणी लागतं. मशीनच्या सांध्यात चटणीची भुकटी आणि त्यावर थोडं पाणी, एवढं मिळालं की दोन दिवसांत तिथे वसाहत होते आणि पुढच्या प्रत्येक बॅचला लागते.

म्हणून भट्टीच्या पलीकडे कोरडी सफाई. मशीनला कुलूप लावून वरून खाली या: आधी खरवडणी, मग ब्रश, मग व्हॅक्यूम, शेवटी ७० टक्के अल्कोहोल लावलेल्या कागदाने पुसणं. अल्कोहोल पेट घेतं, भट्टीजवळ बाटली नेऊ नका. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं सोपं वाटतं, पण त्याने भुकटी साफ होत नाही, फक्त दुसऱ्या मशीनवर जाऊन बसते. सोलापुरात कापडाच्या चिंध्या आणि सुताचं वेस्ट स्वस्त आणि मुबलक, म्हणून मशीन पुसायला तेच हाताशी येतं. इथे ते नको. धागे सुटतात आणि चटणीत जातात.

जे भाग सुटे होतात ते धुण्याच्या खोलीत न्या, तिथे पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत जोडा. सांध्यात बोट फिरवा. ओलं लागलं तर वाळलेलं नाही. धुण्याच्या खोलीसाठी क्लोरीनचं पाणी करायचं असेल तर ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे २० मिली १० लिटर पाण्यात, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) होतं. जुन्या कॅनचा जोर कमी होतो, म्हणून चाचणी-पट्टीने बघा. हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

वही

आकडा ज्या वेळी बघितला त्याच वेळी लिहायचा. चुकला तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर नाही, पेन्सिल नाही. पाळीच्या शेवटी बसून सगळ्या रकान्यांत ‘१५५, १५५, १५५’ भरलेलं तपासणीसाला एका नजरेत कळतं, कारण खरी भट्टी एकाच आकड्यावर कधीच थांबत नाही.

पाळी बदलताना दहा मिनिटं आधी या आणि आधीच्या माणसाकडून तोंडी ऐका: कुठली बॅच अर्धी आहे, काय होल्डवर आहे, कुठलं मशीन आवाज करतंय. फ्लोअरवर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनीही चालते. नीट कळलं नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा. होल्डचा माल अर्धवट समजून पुढे गेला तर त्याला जबाबदार घेणारा आणि देणारा दोघंही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मी माणसं रजेवर असतात, तेव्हा नवख्याला अचानक अनोळखी मशीनवर उभं करतात. शिकवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, एवढं नम्रपणे सांगता आलं पाहिजे.

पगाराची पावती

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं: तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. १४,००० पगाराला तुमचे १०५ रुपये जातात. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के आणि तेवढाच वाटा मालकाचा. व्यवसाय कर पुरुषांना १०,००० च्या वर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत लागत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने. पावतीवर तो साध्या दराने लावलेला दिसला तर त्याच आठवड्यात विचारा. किती तास जास्त थांबलात हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे विचारताना कागद हातात असतो.

ठेकेदाराकडे असाल तर पैसे कापले जातात, पण भरले जातात का हे स्वतः बघा. यूएएन चालू करून मोबाइलवर पासबुक उघडा. पहिल्या पगारानंतर दोन महिने झाले तरी जमा दिसत नसेल तर आधी ठेकेदाराला आणि तरीही काही हललं नाही तर कंपनीच्या एचआरला लेखी द्या. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते, त्यामुळे एचआरला हा अर्ज बाजूला ठेवता येत नाही. ईएसआयसीचा नंबर आला की कार्ड काढून घरच्यांची नावं त्यात घालून घ्या. दवाखान्याची वेळ आल्यावर नावं घालायला गेलं तर उशीर झालेला असतो.